वाळवणीची शेड : लेकीच्या कोकम उद्योगाच्या नोंदी, 2025

काम : आमसुलं वाळवायची शेड, दिवसा उन्हावर आणि पावसात भट्टीवर चालणारी.
जागा : कुडाळ तालुका, घरामागचं खळं.
उद्योग लेकीचा. शेड उभारायची आणि चालती करून द्यायची जबाबदारी माझी.

12 जानेवारी

खळ्याची मापं घेतली. तीस फूट लांबी, चौदा फूट रुंदी मिळते. दक्षिणेच्या कडेला फणस आहे आणि आज दुपारी त्याची सावली निम्म्या खळ्यावर होती. सुतार म्हणाला, आधी फणस काढा. मी नको म्हटलं. आपल्याला ऊन हवंय एप्रिल-मे महिन्यांत, आणि मेच्या सुरुवातीला आपल्याकडं सूर्य बरोबर डोक्यावर येतो. तेव्हा या फणसाची सावली त्याच्या बुंध्याशीच पडणार. पश्चिमेला काही नाही, संध्याकाळचं ऊनही मिळेल. फणस राहिला.

लेकीचा हा तिसरा हंगाम. पुण्यातली नोकरी सोडून ती आली तेव्हा वाडीतल्या बऱ्याच जणांनी मला बाजूला घेऊन समजावलं. मुलगा धंद्यात उतरला तर त्याच्यासाठी जमीन गहाण ठेवणारे बाप याच लोकांत आहेत, पण मुलीनं तेच केलं की त्याला ‘लग्नापर्यंतचा विरंगुळा’ म्हणतात. याचा मला तेव्हाही राग आला होता, आजही येतो. तिचा माल चांगला आहे. मागच्या वर्षी मागणी असून माल कमी पडला, तो फक्त वाळवणीमुळं. मेअखेर वळीव सुरू झाला की खळ्यावरची कोकमाची साल ताडपत्रीखाली जाते आणि तिथं वास धरते. एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये माझी उभी नोकरी गेली. पत्रा, पाइप, वेल्डिंग ही माझी कामं. तेव्हा ही अडचण माझ्या वाट्याची, हे मीच तिला सांगितलं.

5 फेब्रुवारी

बँकेकडून मंजुरी आली. प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग योजनेतून प्रकरण केलं होतं. प्रकल्प 4 लाख 80 हजारांचा : शेड, पिंपं, पॅकिंगचं यंत्र, वजनकाटा, कामाच्या खोलीची फरशी. योजनेत 35 टक्के अनुदान आहे, वरची मर्यादा 10 लाख. स्वतःचा हिस्सा किमान 10 टक्के घालावा लागतो. अनुदान हातात येत नाही. ते कर्जाला जोडलेल्या वेगळ्या खात्यात पडून राहतं. तीन वर्षं उद्योग चालू राहिला आणि खातं नीट राहिलं तर कर्जात वळतं होतं. कोणी या वाटेनं जाणार असेल तर हे आधी समजून घ्यावं. अनुदान धरून पहिल्याच वर्षी हिशोब मांडला की हप्त्याला ओढाताण होते.

हिस्सा 48 हजारांचा. लेकीकडं 20 होते, 28 मी ग्रॅच्युइटीतले दिले. तिनं लगेच वही उघडून लिहिलं, ‘बाबांकडून उसने, 28,000’. मला ते लागलं. बापाकडून कसलं उसनं? तसं बोललोही. ती म्हणाली, “बाबा, तुमचे पैशे वहीत नाय घातले तर माका आमसुलाचो खरो दर कळतलो कसो?”

मी सही केली. रात्री पुन्हा विचार केला तेव्हा पटलं. माझं वय त्रेसष्ट. जो खर्च वहीत दिसत नाही तो मी असेपर्यंत निभेल, आणि मग एके वर्षी तिला कळेल की धंदा चालत होता तो बापाच्या खिशावर. तसं व्हायला नको. आजपासून माझं जे काही या कामात जाईल ते लिहिलं जाईल.

21 फेब्रुवारी

सामान आलं. सांगाडा जी.आय. पाइपचा, वर 200 मायक्रॉनचं उन्हात टिकणारं पॉलिथिन. ताटं मात्र लाकडी चौकटीची, त्यांवर फूड ग्रेड नायलॉनची जाळी. एकानं ॲल्युमिनियमची तयार ताटं स्वस्तात देऊ केली होती. कोकमाचं आम्ल आणि मीठ एकत्र आलं की ॲल्युमिनियम, लोखंड काही टिकत नाही, धातू खाल्ला जातो आणि तो मालात उतरतो. खिळे-स्क्रूसुद्धा स्टेनलेसचे घेतले. महाग पडले, वहीत चढवले.

भट्टीचा आराखडा कागदावर काढला. आग पिंपात, धूर जाड पाइपातून शेडच्या लांबीभर जमिनीलगत फिरून धुराड्यानं बाहेर. पाइप तापतो, हवा तापते, सालीला धूर लागत नाही. पंखा ठेवलाच नाही. आपल्याकडं पाऊस आला की पहिली वीज जाते, आणि भट्टी लागणार ती नेमकी पावसात. धुराडं पुरेसं उंच ठेवलं की धूर आपोआप ओढला जातो. शेडच्या वरच्या कडेला झरोके ठेवलेत, दमट हवा तिथून निघून जाते.

19 मार्च

शिमग्यामुळं काम रखडलं होतं. आता सांगाडा उभा झाला. वेल्डिंग सगळं मी केलं, पॉलिथिन ताणायला वाडीतले दोघे आले होते.

30 मार्च, पाडवा

शेडच्या दाराशी गुढी उभी केली आणि रिकामी चाचणी घेतली. दुपारी एक वाजता बाहेर 34 अंश, आत 58. हे जास्त होतं. साठीच्या जवळ गेलं की साल काळी पडते, वरून कडक होते आणि आत ओल राहते. झरोके पूर्ण उघडल्यावर 52 वर आलं. 50 ते 55 हा पट्टा धरायचा असं ठरवलं.

संध्याकाळी भट्टी पेटवली. नारळाची सोडणं आणि करवंट्या. पाऊण तासात आत 48. काजूची टरफलं वाडीत फुकट मिळतात, पण त्यांतलं तेल जळताना घाण धूर देतं आणि पाइपात चिकट थर बसवतं. ती भट्टीत घालायची नाहीत, हे दारावरच लिहून ठेवलं.

22 एप्रिल

पहिले रातांबे (कोकमाची फळं) आले. 310 किलो, दर 18 रुपये, तीन बागांतून. लेकीनं प्रत्येक बागवाल्याच्या नावापुढं वजन लिहून समोरच पावती दिली.

काम असं चालतं. रातांबे धुवायचे, उभे चिरायचे, साल एकीकडं, गरासकट बिया दुसरीकडं. बिया आणि गर मिठात कालवून त्याचा रस सुटतो. साल एक ऊन दाखवून त्या रसात बुडवायची, निथळून परत वाळवायची. याला पूट देणं म्हणतात. आमच्याकडं पाच पुटं देतात. बाजारात दोन पुटांची आमसुलंही मिळतात, रंगानं तशीच दिसतात, पण आमटीत टाकली की फरक कळतो.

वाळलं कधी, हे ठरवणारी आमच्या घरात एकच, ती म्हणजे ही, लेकीची आई. आमसूल अंगठा आणि तर्जनीत धरून दुमडते, दाबते, सोडते. जुन्या चपलेच्या चामड्यासारखं ते वाकलं पाहिजे, मोडता कामा नये. दाबल्यावर बोट ओलं व्हायला नको, नुसता लाल डाग उमटायला हवा. मी थर्मामीटर घेऊन उभा होतो, लेक वजनाचा काटा घेऊन. आकड्यांवरून आम्ही दोघंही म्हणत होतो, झालं. हिनं चौथ्या रांगेतली ताटं परत आत सारली. “आतून ओली आसत.” एक साल फाडून पाहिली. हिचंच बरोबर होतं.

लेकीनं त्या चौथ्या रांगेपाशी खूण केली. तिथं वारा कमी पोचतो. उद्या एक झरोका वाढवतो.

4 मे

आज दराची बैठक झाली, स्वयंपाकघरातच.

लेकीनं किलोमागचा हिशोब मांडला. दहा किलो रातांब्यांना साधारण एक किलो तीनशे ग्रॅम आमसूल उतरतं, म्हणजे किलोला 138 रुपयांचे रातांबे. मीठ आणि जळण 25. बायकांची मजुरी 75. पॅकिंग 20. कर्जाच्या हप्त्याचा वाटा 45. बेरीज 303. यानंतर तिनं आणखी एक ओळ घातली, ‘आई-बाबांची मजुरी, 62’.

ही एकदम म्हणाली, “माका कसली मजुरी? घरचाच काम ता.” लेक ऐकेना. तिचं म्हणणं असं की उद्या आईचा गुडघा धरला आणि तिच्या जागी कोणाला ठेवावं लागलं तर ती बाई फुकट येणार नाही. मग आजचा दर खोटा ठरेल. मी लेकीच्या बाजूनं बोललो. फेब्रुवारीत माझ्यासाठी जे खरं होतं ते हिच्यासाठीही खरं आहे. तीस-पस्तीस वर्षं हिनं याच हातांनी आगळ (कोकमाचा खारवलेला रस), आमसुलं केली आणि कोणी त्याची किंमत केली नाही, मीही केली नाही. लेकीच्या वहीत ती पहिल्यांदा आली. घराघरांत कोकणातल्या बायका हे काम करतात आणि माल मातीमोलानं जातो, त्याचं मूळ याच न लिहिलेल्या ओळीत आहे असं मला वाटतं.

एकूण 365. विक्रीचा दर 420 ठरला.

दुपारी व्यापारी आला होता. माझ्या ओळखीचा. पोत्यात हात घालून आमसुलं चोळून पाहिली, माल आवडला, 330 म्हणाला. सगळा उचलतो म्हणाला. जुन्या हिशोबानं किलोमागं 27 रुपये सुटत होते. नव्या हिशोबानं 35 रुपयांचा खड्डा. तो माझ्याकडं बघून बोलत होता, लेकीकडं नाही. मी काही बोललो नाही, फक्त “ती मालक आहे, तिला विचारा” एवढंच सांगितलं. लेकीनं नम्रपणे नाही म्हटलं, चहा दिला आणि पाव किलोचं पाकीट नमुना म्हणून हातात ठेवलं.

20 मे

पाऊस. वळीव म्हणावा तसा दोन तास कोसळून गेला नाही, लागूनच राहिला. हवामान खात्याचा इशारा आहे. दक्षिण कोकणात मोसमी पाऊस एरवी जूनच्या पहिल्या आठवड्यात येतो. तोवर रातांब्यांचा शेवटचा तोडा होऊन जातो. यंदा झाडांवर निम्म्याच्या आसपास फळ अजून आहे.

दुपारी दोनला भट्टी पेटवली. आत 47.

22 मे

बागवाल्यांचे फोन सुरू झालेत. पावसानं फळ गळतंय, फुटतंय. ज्यांची वाळवण उन्हावर ते कोणीच माल घेत नाहीत. संध्याकाळी एक शेजारी टेम्पो भरूनच आला. “काका, रातांबे आज नाय घेतलात तर उद्या कुजतले.” दर विचारला तर म्हणाला, काय ते द्या. दुसरीकडं 8 रुपयांनी मागत होते.

8 रुपयांनी घेतला असता तर भट्टीच्या जळणाचा सगळा खर्च निघाला असता, हे माझ्याही डोक्यात आलं. लेकीनं वजन केलं, फुटकी फळं वेचून वेगळी काढली आणि चांगल्या फळाला 18 नं पैसे दिले. नंतर मला म्हणाली, “ठरलेलो दर तो ठरलेलो. फुडल्या वर्षी परत ह्येंच्याच दारात जावचा आसा.”

मला तिचा फार अभिमान वाटला आणि ते मी तिला तिथंच सांगितलं.

24 मे

वीज कालपासून नाही. अरबी समुद्रातला कमी दाबाचा पट्टा आज रत्नागिरी आणि दापोलीच्या मधे किनारा ओलांडून गेला, असं रेडिओवर सांगितलं. वारा पश्चिमेकडून होता. पहाटे चारच्या सुमारास त्या बाजूचं पॉलिथिन पट्टीतून सुटून फडफडायला लागलं. मी आणि लेक दोघं भिजत बाहेर. पाइपाला वळसे घालून सुंभानं बांधलं, वर लाकडी पट्टी ठोकली. पट्टी धरायला ती, हातोडा माझ्याकडं. आत ही आणि कामाच्या दोघी ताटं पूर्वेकडं सरकवत होत्या. भिजली ती सहा ताटं, बाकीची वाचली.

भट्टी विझू दिली नाही. रात्रीची पाळी वाटून घेतली आहे. अकरापर्यंत कामाच्या दोघी, अकरा ते तीन लेक, तीन ते सात मी. दर अर्ध्या तासाला जळण घालायचं आणि तापमान वहीत लिहायचं. वीज नसतानाही धुराडं ओढतंय. 46, 48, 47, 49. फेब्रुवारीत कागदावर काढलेली गोष्ट खरी चालताना पाहून मला किती बरं वाटलं ते या वहीत लिहूनच ठेवतो.

शेडची कुवत एका खेपेला साधारण 170 किलो ओल्या सालीची. माल त्याच्या दुपटीहून जास्त आलाय. जी साल जाळीवर मावली नाही ती मिठात घालून आगळाकडं वळवली. पिंपं भरत आली आहेत.

26 मे

मोसमी पाऊस काल महाराष्ट्रात आल्याचं हवामान खात्यानं जाहीर केलं, आज मुंबईतही पोचला. इतक्या लवकर आलेला मला आठवत नाही. बाजारातल्या बऱ्याच जणांचा हंगाम बुडाला आहे. आमचं तसं झालं नाही, पण शेजारच्या खळ्यांवर कुजलेल्या सालीचे ढीग बघून आनंद करावासा वाटत नाही.

लेक दोन घरांत जाऊन आली. त्यांची अर्धी वाळलेली साल उद्यापासून आपल्या शेडमध्ये, जळणाचा खर्च घेऊन.

12 जून

शेवटची खेप उतरली. हंगामात एकूण 2,400 किलो रातांबे घेतले, आमसूल 225 किलो, बाकी आगळ. बिया वाळवून ठेवल्यात, त्यांचं मुठेल (बियांचं घट्ट तेल) हिवाळ्यात भेगांसाठी खपतं.

पाइप उघडून काजळी काढली.

6 जुलै, आषाढी

बांधावर कोकमाची कलमं लावली, ‘कोकण अमृता’ जातीची. दापोलीच्या कृषी विद्यापीठानं 1997 साली दिलेली ही जात. रोपं लावली असती तर स्वस्तात पडलं असतं, पण बियांपासून केलेल्या रोपांत निम्मी झाडं नर निघतात आणि ते कळायला सात-आठ वर्षं जातात. कलमाला पाचव्या-सहाव्या वर्षी फळ येतं. लेकीचं कर्ज तेव्हा संपत आलेलं असेल. कलमांचा खर्च वहीत तिच्या नावावर, खड्डे खणायची मजुरी माझ्या.

17 ऑगस्ट

रातांब्यांचा हंगाम सोडून शेड रिकामी ठेवायची नाही असं लेकीनं ठरवलंय. पावसाळ्यात खोबरं वाळवून द्यायला सुरुवात केली, वाडीतल्या लोकांकडून किलोवर पैसे घेऊन.

माझ्या दृष्टीनं आजचा दिवस महत्त्वाचा. आज भट्टी पूर्णपणे कामाच्या दोघींनी चालवली. त्यांना जूनपासून शिकवत होतो : जळण किती, झरोका कधी किती उघडायचा, धूर मागं यायला लागला तर धुराड्याचं झाकण कसं बघायचं. सकाळी एकदा आत 57 झालं. माझा हात शिवशिवत होता, पण ओटीवरून उठलो नाही. त्यांनी झरोके उघडले, दोन ओंडके ओढून काढले, वीस मिनिटांत 51 वर आणलं. त्यांतली मोठी बाहेर येऊन म्हणाली, “काका, तुमी बसा. लागला तर हाक मारू.” हाक आली नाही.

23 ऑगस्ट

गणपतीच्या मागण्या. चाकरमानी यायला लागलेत, जाताना आमसुलं आणि आगळ नेतात. वजनकाट्याची पडताळणी आणि शिक्का जुलैतच करून आणला होता, आता उपयोगी पडला. पाकिटावर निव्वळ वजन, किंमत, बॅच, तयार केल्याची तारीख, अन्न परवान्याचा चौदा आकडी क्रमांक, सगळं आहे की नाही ते भिंग घेऊन तपासायचं काम माझं. सोळा पाकिटांवर तारीख पुसट उमटली होती, ती परत छापली. लेक म्हणाली, इतकं कोण बघतं? मी म्हटलं, मुंबईत दुकानात ठेवायचं असेल तर बघतात.

21 सप्टेंबर

अर्ध्या वर्षाचा हिशोब. आमसूल संपलं, आगळाची बारा पिंपं शिल्लक. हप्ते सगळे वेळेत गेले. माझी आणि हिची मजुरी वेगळी निघाली. ही तिचे पैसे घेऊन सावंतवाडीला गेली आणि स्वतःच्या पसंतीची साडी घेऊन आली. उसन्यातले 10,000 लेकीनं परत केले. मी मोजून घेतले, वहीत सही केली, 18,000 बाकी लिहिली.

पुढच्या हंगामाची कामं :

पश्चिमेचं पॉलिथिन दुहेरी पट्टीत बसवायचं. जळण मार्चपर्यंत भरून ठेवायचं, सोडणं कोरडी हवीत. ताटांचा दुसरा मजला करायचा का, ते लेक जानेवारीत आकडे बघून सांगेल. माझं मत करावा असं आहे, ते सांगून झालं आहे. वरच्या वाडीतली एक मुलगी कामावर येऊ म्हणते. तिला भट्टी शिकवायचं काम आधीच्या दोघींकडं दिलंय.